पिकअपला प्लग द्या ना!

अमेरिकेत हातोहात खपणारा छोटा पिकअप हायब्रिड आहे, पण घरच्या चार्जिंगला लावता येत नाही. तो लावता यायला हवा का? खिशाचा हिशेब एक सांगतो आणि लाइट गेलेली रात्र दुसरंच!

पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो भाजी मार्केटबाहेरचा टेम्पो. मागे कांद्याच्या गोण्या, पुढे लिंबू-मिरची आणि ड्रायव्हरच्या शेजारी कोंबून बसलेले दोघं-तिघं. अमेरिकेत मात्र हाच प्राणी चकाचक धुऊन ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा असतो. सोमवार ते शुक्रवार कामावर जायचं, शनिवारी हार्डवेअरच्या दुकानातून लाकूड आणायचं आणि रविवारी सायकली टाकून डोंगरात पळायचं. एकाच गाडीत तीन गाड्या, असा सगळा फंडा.

फक्त एकच लोचा होता. हे ट्रक वर्षागणिक फुगत गेले आणि त्यांच्या किमतीही. नुकतीच नोकरी लागलेल्या पोरापोरींनी करायचं काय?

जून २०२१ मध्ये फोर्डने याचं उत्तर आणलं. नाव मॅव्हरिक, किंमत १९,९९५ डॉलरपासून पुढे. खरी गंमत म्हणजे सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्येच हायब्रिड इंजिन! हायब्रिड म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हा समज तिथल्या तिथे निकालात निघाला. ऑर्डरी इतक्या आल्या की २०२२ च्या हायब्रिड मॉडेलचं बुकिंग कंपनीला जानेवारी २०२२ मध्येच थांबवावं लागलं. २०२४ या एका वर्षात अमेरिकेत एक लाख ३१ हजार मॅव्हरिक विकल्या गेल्या. (यातला ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द अमेरिकन मापाने घ्यायचा बरं का. हा छोटा ट्रक पाच मीटरहून लांब आहे, म्हणजे आपल्या फॉर्च्युनरपेक्षाही मोठा!)

मग पुढचा प्रश्न साहजिकच आला. हायब्रिड आहेच, तर त्याला प्लग का नाही?

हा प्लग नेमका काय करतो?

साध्या हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला एक छोटी बॅटरी असते. ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद ती साठवते आणि सिग्नलवरून निघताना परत देते. चार्जिंगची भानगडच नाही. मॅव्हरिकची ही बॅटरी आहे जेमतेम १.१ युनिटची. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी बरीच मोठी असते. रात्री घरी चार्जिंगला लावायची, सकाळचे ५०-६० किलोमीटर नुसत्या विजेवर धावायची आणि ती संपली की पेट्रोल आहेच. आपल्याकडच्या सीएनजी गाड्यांचंच उदाहरण घ्या ना. रोजचं धावणं सीएनजीवर, पंपावर लांबच लांब रांग दिसली की पेट्रोलवर. हिशेब तोच, फक्त सीएनजीच्या जागी वीज.

मुद्दा असा, की हे तंत्र फोर्डला नवीन नव्हतं. मॅव्हरिक ज्या प्लॅटफॉर्मवर बनते, त्याच प्लॅटफॉर्मवरच्या एस्केप या एसयूव्हीत कंपनीने प्लग-इन विकलं. बॅटरी १४.४ युनिटची, विजेवरची सरकारमान्य रेंज ३७ मैल, म्हणजे साधारण ६० किलोमीटर. ह्युंदाईचंही तेच. टुसॉनला प्लग दिला, पण तिच्याच कुटुंबातल्या सांता क्रूझ या छोट्या पिकअपला २०२१ मध्ये अमेरिकेत आणलं ते निव्वळ पेट्रोलवर. थोडक्यात काय, तर मोठ्या बहिणीला मोबाइल आणि धाकट्याला ‘तू अजून लहान आहेस’!

खिशाचा हिशेब

आता जरा कॅल्क्युलेटर काढूया. कागदावर हा मामला ‘नो-ब्रेनर’ वाटतो, पण आकडे वेगळंच बोलतात.

समजा, रोजचं धावणं ५० किलोमीटर. पेट्रोल तीन डॉलर गॅलन धरू, वीज १७ सेंट युनिट. मॅव्हरिक हायब्रिड लिटरला पावणेसोळा किलोमीटर देते, म्हणजे रोजचं पेट्रोल झालं अडीच डॉलरचं. तेवढंच अंतर विजेवर कापायला एस्केपसारख्या प्लग-इनला साधारण दहा युनिट लागतात. त्याचे झाले एक डॉलर ७० सेंट. रोजची बचत ८० सेंट! वर्षात ३०० दिवस गाडी चालली, तर अडीचशे डॉलरही हातात पडत नाहीत. मोठी बॅटरी, चार्जर, जास्तीची वायरिंग मिळून प्लगचे पाच हजार डॉलर जास्त पडले असं धरलं, तर ते वसूल व्हायला वीस वर्षं लागतील. तोवर ट्रक भंगारात!

हाच हिशेब साध्या पेट्रोल इंजिनाशी करा. बिगरहायब्रिड मॅव्हरिक लिटरला साडेदहा किलोमीटरच्या आसपास देते. तिथे प्लगमुळे वर्षाला सहाशे डॉलर वाचतात. आठ-साडेआठ वर्षांत पैसे परत. म्हणजे पेट्रोल ढोसणाऱ्या गाडीला प्लग लावला तर तो कमावता मुलगा ठरतो. आधीच काटकसरी असलेल्या हायब्रिडला लावला, तर त्याला वाचवायला फारसं उरतच नाही.

कंपन्या इथेच अडतात. मॅव्हरिकची सगळी जादू तिच्या किमतीत होती आणि तीही टिकली नाही. २०२५ च्या मॉडेलची सुरुवातच २६ हजार डॉलरच्या वर गेली. एस्केपचं २०२३ चं प्लग-इन मॉडेल ४० हजारांच्या घरात होतं. छोट्या ट्रकचं बिल तिथवर पोचलं, तर तो घेईल कोण? त्या पैशात मोठा ट्रक येतो! त्यात प्लगवाल्या गाड्यांना मिळणारी साडेसात हजार डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. शिवाय बॅटरीचं वजन कुठे जाणार? मॅव्हरिक सुमारे ६८० किलो वजन वाहते. बॅटरी जड झाली की तेवढा माल कमी.

म्हणजे प्रश्न मिटला? थांबा, अजून एक बाजू आहे.

लाइट गेली तेव्हा...

फेब्रुवारी २०२१. टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं आणि लाखो घरांची वीज गेली. माझा एक मावसभाऊ ह्यूस्टनजवळ राहतो. घरात अंगावर तीन-तीन स्वेटर, फ्रिजमध्ये बाळाचं दूध आणि फोनची बॅटरी चार टक्के. शेवटी तिघं जण गाडीत बसून हीटर लावून फोन चार्ज करत राहिले, असं तो अजूनही सांगतो. त्याच वादळात फोर्डच्या मोठ्या एफ-१५० ट्रकच्या हायब्रिड मालकांनी घराची उपकरणं ट्रकवर चालवली. त्या ट्रकच्या मागच्या हौद्यातच ७.२ किलोवॉटपर्यंतचे सॉकेट मिळतात. शेवटी कंपनीनेच टेक्सासमधल्या डीलरांना सांगितलं, शोरूममधले असे ट्रक लोकांना वापरायला द्या!

मध्यंतरी फोनवर मी दादाला हा वरचा हिशेब ऐकवला. वीस वर्षं, भंगार वगैरे. तो म्हणाला, ‘‘अगं, पेट्रोल वाचवायला कोण प्लग मागतंय? मला चाकांवरचा जनरेटर हवाय. मोठा ट्रक परवडत नाही आणि गॅरेजमध्ये मावतही नाही.’’

मला वाटतं, हा मुद्दा पेट्रोलच्या हिशेबापेक्षा भारी आहे. मॅव्हरिक हायब्रिडला जो सॉकेट मिळतो, तो ४०० वॉटचा. लॅपटॉप चालेल, ड्रिल मशीनचा चार्जर चालेल, पण लाकूड कापायची मोठी करवत नाही चालायची. त्या जागी १४ युनिटची बॅटरी आणि दमदार सॉकेट आला की चित्रच पालटतं. फ्रिज, वाय-फाय, चार दिवे एवढंच चालवायचं, तर अशी बॅटरी दोन-तीन दिवस सहज काढेल. त्यानंतर तिला भरायला इंजिन आहेच. सुतार, इलेक्ट्रिशियन, केटरिंगवाले, लग्नाचं शूटिंग करणारे, सगळ्यांना साइटवर जनरेटरची घरघर आणि धूर न करता वीज मिळेल. एसयूव्हीत प्लग ही सोय आहे. पिकअपमध्ये ते अवजार होतं, कारण पिकअप मुळात कामाचाच प्राणी.

बाकीचं जग काय करतंय?

फोर्डला हे कळत नाही असं अजिबात नाही. त्यांचा जरा मोठा पिकअप रेंजर २०२५ मध्ये प्लग-इन अवतारात आला. बनतो दक्षिण आफ्रिकेत, विकला जातो ऑस्ट्रेलिया आणि युरोपात. बॅटरी ११.८ युनिटची, साडेतीन टन ओढायची ताकद आणि ६.९ किलोवॉटपर्यंतचे सॉकेट. चीनच्या बीवायडीने मे २०२४ मध्ये मेक्सिकोत शार्क नावाचा प्लग-इन पिकअप आणला, जवळजवळ ३० युनिटच्या बॅटरीसकट. तो पुढे ऑस्ट्रेलियातही गेला.

मग अमेरिकेत का नाही? त्याचं एक कारण आहे चिकन! खरंच. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जबर कर बसवला. चिडलेल्या अमेरिकेने १९६४ मध्ये बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकवर २५ टक्के कर ठोकला. कोंबड्यांचं भांडण कधीच थंडावलं, ट्रकवरचा कर मात्र राहिला. त्यामुळे बाहेरचे स्वस्त पिकअप तिथे सहसा फिरकतच नाहीत आणि घरच्या कंपन्यांना घाई नसते. (मॅव्हरिक मेक्सिकोत बनते, पण ती शेजाऱ्यांशी असलेल्या व्यापारकराराच्या छत्रीखाली येते.) फोर्डने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं ते थेट पूर्ण इलेक्ट्रिक पिकअपचं, २०२७ साठी, ३० हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे मधली पायरी गाळून एकदम वरची!

वायर कपाटातच राहिली तर?

प्लगवाल्यांच्या बाजूने बोलताना एक गोष्ट लपवता येणार नाही. लोक प्लग लावतच नाहीत! युरोपियन कमिशनने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांची प्रत्यक्ष रस्त्यावरची आकडेवारी तपासली आणि २०२४ मध्ये अहवाल दिला. प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष प्रदूषण प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. कारण साधं आहे. गाडी अपेक्षेपेक्षा फार कमी चार्ज होते. ऑफिसने गाडी दिली आणि पेट्रोलही दिलं, तर वायर काढायचे कष्ट कोण घेणार? जिममध्ये वर्षाची फी भरून जानेवारीतच दांडी मारण्यातला प्रकार. मग ती जड बॅटरी नुसती ओझं म्हणून फिरते.

म्हणून मला सगळ्या छोट्या पिकअपना सरसकट प्लग लावणं पटत नाही. अपार्टमेंटमध्ये रस्त्यावर गाडी लावणाऱ्या मुलीला साधं हायब्रिडच बेस्ट. तिच्या माथी पाच हजार डॉलरची बॅटरी का मारायची? पण ज्याच्याकडे गॅरेज आहे, रोजची फेरी ५० किलोमीटरच्या आत आहे आणि ज्याला कामासाठी किंवा अडीअडचणीला वीज लागते, त्याला तो पर्याय तरी मिळायला हवा. आज त्याला सांगितलं जातं, ‘मोठा ट्रक घे, नाहीतर गप्प बस.’ ज्याचं बजेट छोटं त्याची गरजही छोटी, हे कोणी ठरवलं?

आणि आपल्याकडे?

आपला छोटा हाथी, म्हणजे टाटा एस, २००५ मध्ये आला. जून २०२५ मध्ये त्याचा धाकटा भाऊ एस प्रो तीन लाख ९९ हजारांपासून आला, तोही पेट्रोल, सीएनजी-पेट्रोल आणि इलेक्ट्रिक अशा तीन तऱ्हांमध्ये. प्लग-इन हायब्रिड त्यात नाही. त्यामागे करांचंही गणित आहे. सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवर १८ टक्के जीएसटी, इलेक्ट्रिकवर पाच टक्के. पोटात पेट्रोल इंजिन असलेल्या प्लग-इनला त्या पाच टक्क्यांत जागा नाही. आणि रात्री टेम्पो रस्त्याच्या कडेला लावणाऱ्या मालकाला घरचा प्लग मिळणार कुठून? त्याच्यासाठी सीएनजी-पेट्रोलची जोडी हाच त्याच्या परवडीतला हायब्रिड आहे आणि तो त्याने कधीच स्वीकारलाय. कंपन्यांनी दोन्ही पर्याय पुढे ठेवले आणि ज्याने-त्याने आपापल्या खिशाप्रमाणे निवडला. अमेरिकेतल्या छोट्या ट्रकवाल्यांचं मागणं तरी याहून वेगळं काय आहे?

प्लगवाला पिकअप कोणासाठी?

• घ्याच : घरी स्वतःचं पार्किंग आणि सॉकेट आहे, रोजचं धावणं ५० किलोमीटरच्या आत आहे आणि कामाला किंवा लाइट गेल्यावर वीज लागते.

• विचार करा : आताची गाडी पेट्रोल पिते, नवी गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार आहात आणि वायर रोज लावायची शिस्त आहे.

• नकोच : साधं हायब्रिड आधीच दारात आहे आणि फक्त पेट्रोल वाचवायचंय. पैसे वसूल होणार नाहीत.

• कंपन्यांना एक विनंती : स्वस्त मॉडेल स्वस्तच राहू द्या. प्लग हा पर्याय म्हणून द्या आणि त्याच्यासोबत दमदार सॉकेट द्यायला विसरू नका. पाच हजार डॉलर वसूल होतील ते त्यातूनच!