धोट्याचा वेग आणि सुताची टंचाई

इंग्लंडातील औद्योगिक क्रांतीची कथा वाफेच्या यंत्रापासून सांगण्याचा प्रघात असला, तरी लँकेशायरच्या कापडधंद्याची वाटचाल बारकाईने पाहिली असता असे आढळते की, तेथे वाफेचा प्रवेश बराच उशिरा झाला आणि तोवर धंद्याला पुढे रेटले ते कातणे व विणणे या दोन कामांतील असमतोलाने.

जॉन के याने १७३३ साली दोरीला हिसका देताच मागाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आपण होऊन धावणारा धोटा तयार केला. मोठ्या पन्ह्याच्या कापडाला पूर्वी दोन विणकर लागत, तेथे आता एक पुरे झाला. पण एका मागाला पुरेल एवढे सूत काढताना आधीच अनेक कातणाऱ्या स्त्रिया थकून जात, त्यांची आता पुरती त्रेधा उडाली. ही टंचाई हेरून जेम्स हारग्रीव्ह्ज याने एकाच चाकावर अनेक चात्या फिरविणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा रोजगार बुडण्याच्या धास्तीने लोकांनी त्याची यंत्रे मोडली आणि त्याला नॉटिंगहॅमला बस्तान हलवावे लागले. पुढे रिचर्ड आर्कराइटने पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राची सनद १७६९ मध्ये मिळवून १७७१ मध्ये क्रॉमफर्ड येथे गिरणी उभारली. त्या यंत्राचे सूत इतके चिवट निघे की, ज्या ताण्यासाठी तोवर अळशीचा धागा वापरावा लागे, तो ताणाही कापसाचाच घालता येऊ लागला. हिंदुस्थानच्या कापडाच्या धसक्याने १७२१ साली छापील सुती कापडावर घातलेली बंदी मात्र त्याच्या आड येत होती. ती स्वदेशी मालापुरती १७७४ साली उठविण्यात आली.

आता पारडे फिरले. सूत उदंड झाले, विणणारे हात कमी पडले आणि हातमागवाल्यांना काही काळ चांगले दिवस आले. पण एडमंड कार्टराइट या धर्मोपदेशकाने १७८५ मध्ये काढलेला यांत्रिक माग पुढील काही दशकांत सुधारत गेला, तसतशी त्यांची मजुरी घसरत जाऊन अखेर पोटापुरतीही उरली नाही.

कातणे-विणणे जुळल्यावर उणीव सरकली ती कच्च्या मालाकडे. अमेरिकेत १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाल्यावर तेथील गुलामांच्या श्रमावर पिकलेला कापूस लिव्हरपूलच्या बंदरात येऊन पडू लागला, आणि १८३० पासून तो आगगाडीने मँचेस्टरला पोहोचू लागला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून ही आवक तुटली, तेव्हा लँकेशायरचे मजूर उपाशी पडले, मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तेथील सट्टा कोसळून मातबर पेढ्यांचे दिवाळे वाजले.

या इतिहासावरून एवढे निश्चित दिसते की, यंत्राने टंचाई नाहीशी केली असे म्हणण्यापेक्षा तिचा मुक्काम हलविला असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. आणि प्रत्येक मुक्कामावर तिचा भार उचलणारे मात्र नफ्याच्या वाटणीत क्वचितच हिस्सेदार होते.