नाक दाबा, बटण दाबा!

साखर कारखान्याची डिस्टिलरी जवळ आली की एसटीतले प्रवासी न सांगता खिडक्या लावून घेतात. त्या वासाचे धनी म्हणजे स्पेंट वॉश. मळी आंबवून अल्कोहोल काढलं की मागे उरणारं काळंकुट्ट, गरम पाणी. एक लिटर अल्कोहोलमागे हे महाशय निघतात 8 ते 15 लिटर! (दारूपेक्षा तिचा त्रास मोठा, हे काही नवं नाही.)

गंमत म्हणजे याच पाण्यात वीज आहे. बंद टाकीत हवेशिवाय कुजवलं, तर हजार लिटरमागे ढोबळमानाने 25 ते 30 घनमीटर बायोगॅस सुटतो. एका घनमीटर गॅसवर जनरेटर सुमारे 2 युनिट वीज देतो. करा हिशेब!

राबतं कोण? या गॅसमधला मिथेन बनवणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव. ऑक्सिजन लागला की संपले. यांचे भाऊबंद गाईच्या पोटातही असतात, म्हणून नवी टाकी सुरू करताना दुधाला विरजण लावावं तसं तिच्यात शेण कालवतात.

ही टाकी आटोपशीर केली नेदरलँड्सच्या गात्झे लेटिंगा यांनी, 1970च्या दशकात, बीटच्या साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर. पाणी खालून वर चढतं. सूक्ष्मजीव मात्र एकमेकांना चिकटून दाणेदार होतात आणि जड होऊन तळाशीच राहतात. ढवळायला नको, वाहून जायची भीती नाही. एवढं करून पठ्ठ्याने पेटंट घेतलंच नाही! म्हणून तर हे तंत्र जगभर पसरलं.

थायलंडमध्ये स्टार्च कारखान्यांनी कसाव्याच्या सांडपाण्याची तळी चक्क प्लास्टिकच्या चादरीने झाकली आणि खाली फुगलेला गॅस इंजिनांना दिला. कसावा म्हणजे आपल्या उपासाच्या साबुदाण्याचा कंद.

आणि योगायोग पाहा: 1776 साली इटलीत मॅजिओरे सरोवराकाठच्या दलदलीतून मिथेन गोळा करणारा माणूस होता आलेस्सांद्रो व्होल्टा. विजेचा ‘व्होल्ट’ ज्याच्या नावाचा, तोच.

खलनायकही आहे. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा, इंजिनं कुरतडतो. त्याला आधी गाळावं लागतं, आणि तेही जिवाणूच करू शकतात.

मात्र वीज निघाली म्हणजे पाणी स्वच्छ झालं, असं मुळीच नाही. स्पेंट वॉशचा तपकिरी रंग आणि पोटॅश बऱ्याच अंशी तसेच उरतात. तेव्हा तुमच्या भागातली डिस्टिलरी ‘आम्ही हरित वीज बनवतो’ म्हणाली, तर कौतुक जरूर करा. पण टाकीतून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठे जातं, तेही विचारा.