मत्स्यसृष्टींतील गृहस्थाश्रम

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्या वडील मंडळींच्या तोंडीं नेहमींची आहे. घरांची टंचाई विवाहाची रीतच कशी पालटून टाकते, ह्याचें एक मनोरंजक उदाहरण प्राणिशास्त्रज्ञांनीं उत्तर युरोपच्या उथळ समुद्रांत टिपलेलें आहे. तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

‘सँड गोबी’ नांवाचा हा वाळूंत राहणारा मासा जेमतेम बोटाएवढा असतो. आपल्या खाड्यांच्या चिखलांत उड्या मारणारी निवटी ही त्याची दूरची आप्त. विणीच्या हंगामांत नर एखादा पालथा शिंपला शोधतो, त्याखालची वाळू उपसतो, वरून वाळूचें पांघरूण घालतो आणि आंत जाण्यास एक अरुंद वाट ठेवितो. मादी येऊन छताच्या आंतल्या बाजूस अंडीं चिकटविते व निघून जाते. पुढें पिलें बाहेर पडेपर्यंत परांनीं पाणी हलवून अंड्यांस ताजी हवा पुरविणें व त्यांची राखण करणें हें सर्व एकट्या पित्याकडे! एकाच घरांत अनेक माद्यांचीं अंडीं नांदूं शकतात. पण ज्यास घर नाहीं त्यास संसारही नाहीं.

आतां हे शिंपले सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. स्वीडनचा पश्चिम किनारा व फिनलंडलगतचा बाल्टिक समुद्र ह्यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. पश्चिम किनाऱ्यावर शिंपले मुबलक. तेथें लहानमोठ्या सर्वच नरांस घर मिळूं शकतें, आणि मादीच्या पसंतीस अधिक वाव राहतो. बाल्टिकमध्यें मात्र शिंपल्यांचा तुटवडा. तेथें मोठे नर लहानांस हुसकून घरें बळकावितात. म्हणजे मादी दाराशीं येण्यापूर्वींच निवडीचा अर्धा निकाल बलानें लागलेला असतो.

बेघरांची गत मोठी कठीण. ह्या माशाच्या आयुष्यांत विणीचा हंगाम बहुधा एकदांच येतो. तो हुकला कीं वंश खुंटला. म्हणून कांहीं नर चोरपावलांनीं दुसऱ्याच्या घरांत शिरतात आणि तेथील थोड्या अंड्यांचें पितृत्व साधून निसटतात. त्या अंड्यांची जोपासना घरधनीच करीत राहतो.

मासा तोच, जातही तीच. तरी एके ठिकाणीं मादीच्या पसंतीस अधिक वाव, तर दुसरीकडे घरासाठीं झुंज. प्राण्याचा ‘स्वभाव’ आपण उपजत समजतों, पण त्याचा पुष्कळसा भाग भोंवतालची परिस्थिति घडविते, हें ह्यावरून दिसतें. समुद्रतळचा रिकामा शिंपला आपणांस क्षुल्लक वाटतो. पुढच्या पिढीचा पिता कोण, हें मात्र त्याच्यावर अवलंबून असतें!