गाडीच्या आधी सिल्व्हरटन

कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ड्युरँगो नावाचं गाव आहे. तिथून सिल्व्हरटनला जाणारी वाफेची गाडी दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दोन-अडीच हजार सायकलस्वारांशी शर्यत खेळते आणि त्यांतल्या कसलेल्यांकडून ठरल्यासारखी हरते. गाडीला त्याचं सुखदुःख नाही. ती वेळापत्रकाप्रमाणे सुटते, शिट्टी घालते, वाटेत पाणी प्यायला थांबते. शर्यत चालली आहे ती तिच्या नावाने. तिचा सहभाग एवढाच की ती आपल्या नेहमीच्या चालीने चालते.

सुरुवात दोन भावांच्या पैजेतून झाली. टॉम मेयर हा सायकलवेडा तरुण, त्याचा भाऊ जिम या गाडीवर ब्रेकमन. दोघे एकाच गावाहून निघून एकाच गावी पोहोचणार, एक रुळावरून आणि एक रस्त्यावरून, म्हटल्यावर पैज लागायला कितीसा वेळ? टॉम आधी पोहोचला. ही गंमत घरातच राहिली असती, पण ती एड झिंक नावाच्या गावकऱ्याच्या कानावर गेली आणि १९७२ साली तिची रीतसर शर्यत झाली. पहिल्या वर्षी ३६ जण उतरले आणि जिंकला टॉमच. ‘आयर्न हॉर्स बायसिकल क्लासिक’ हे नाव तेव्हापासून चालत आलं आहे.

ही गाडी आहे तरी कशी? डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने सिल्व्हरटनच्या खाणींतलं चांदी-सोन्याचं खनिज खाली आणण्यासाठी हा फाटा टाकला. ड्युरँगो हे गावच मुळी रेल्वे कंपनीने १८८० मध्ये वसवलं आणि १८८२ च्या जुलैत रूळ सिल्व्हरटनला टेकले. अंतर ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. रुळांमधलं अंतर तीन फूट. आपल्या माथेरानच्या गाडीचं दोन फूट, विदर्भातल्या शकुंतलेचं अडीच फूट. त्याच अरुंद बिरादरीतली ही जरा रुंद बहीण. डोंगरात अरुंद रूळ घालायचे ते वळणं आवळून घेता यावीत आणि कड्यातून कमी खडक फोडावा लागावा म्हणून. शकुंतला कापसासाठी आली, ही चांदीसाठी. फरक एवढाच की इथली चांदी संपत गेली तरी गाडी उरली, कारण तोवर लोक तिच्याच खिडकीत बसायला पैसे मोजू लागले होते. १९२३ आणि १९२५ साली बांधलेली इंजिनं अजून ती ओढतात.

आता रस्ता आणि रूळ यांचा हिशोब पाहा, कारण खरी मेख तिथे आहे. ड्युरँगो साडेसहा हजार फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. म्हणजे स्पर्धक जिथे पायडलवर पाय ठेवतो ती जागाच महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा हजारभर फूट उंच. सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवर. गाडी अ‍ॅनिमास नदीच्या घळईतून, पाण्याचा उतार धरून, सुमारे २,८०० फूट चढते आणि काम संपवते. रस्त्याला ती सोय नाही. गावाबाहेरच्या खोऱ्यात दोघं शेजारी-शेजारी चालतात, डब्यातले प्रवासी खिडकीतून हात हलवून ओरडतात, सायकलवाले चेव येऊन जोर लावतात. मग रॉकवुडपाशी गाडी उजवीकडे दरीत शिरते आणि कड्याच्या कडेने, खाली कित्येक फुटांवर नदी ठेवून, दिसेनाशी होते. रस्ता वर निघतो. आधी कोल बँक खिंड, १०,६४० फूट. तिथून बरीच कमाई उतारावर उधळून पुन्हा मोलास खिंड, १०,९१० फूट. मग दीड हजार फुटांची सुसाट घसरण आणि सिल्व्हरटन. सगळा चढ जोडला तर साडेपाच हजार फुटांच्या वर जातो, म्हणजे गाडीच्या जवळजवळ दुप्पट. आणि या सबंध काळात गाडी कुठे पोहोचली हे सायकलस्वाराला कळत नाही. प्रतिस्पर्धी डोळ्यांआड असलेली शर्यत हा प्रकार फारसा कुठे सापडणार नाही.

गाडीला वाटेत साधारण साडेतीन तास लागतात. पट्टीचा स्वार दोन-सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचतो आणि गाडी यायच्या आत त्याचं खाणंपिणंही उरकतं. त्याच्यासाठी ती प्रतिस्पर्धी नव्हेच. शर्यत आहे ती मागच्या गर्दीची: नोकरी सांभाळून पहाटे सराव करणारे, पन्नाशी ओलांडलेले, पहिल्यांदाच उतरलेले. त्यांना गाडी गाठायची तर ताशी बावीस किलोमीटरची सरासरी राखावी लागते. सपाटीवर हे कुणीही करील. दहा हजार फुटांवर, विरळ हवेत, दुसऱ्या खिंडीच्या चढावर ते करून दाखवायचं असतं. कितवा आलो याला या मंडळींत फारसं महत्त्व नाही. गाडीच्या आधी की नंतर, एवढंच घरी सांगायचं असतं आणि ते सायकल न चालवणाऱ्या आजीलाही कळतं.

माझ्या मते ही शर्यत टिकली ती या वेगांच्या योगायोगामुळे. डेक्कन क्वीनशी अशी पैज लावून पाहा! ती मुंबई–पुणे १९२ किलोमीटर सव्वातीन तासांच्या आसपास तोडते. हौशी स्वार तेवढ्या वेळात बोरघाटाच्या पायथ्याशी पोहोचला तरी पुष्कळ. उलट माथेरानच्या गाडीला एकवीस किलोमीटरला दोन तासांहून अधिक लागतात, तिला हरवण्यात पुरुषार्थ तो काय? सिल्व्हरटनची गाडी बरोबर मधे बसली आहे, हौशी माणसाला जेमतेम हरवता येईल इतकी संथ. आपल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीतही रस्ता आणि रेल्वे एकाच घाटाशी झटतात, बोरघाटात १ : ३७ चा चढ चढायला गाडीला कर्जतहून मागे जादा इंजिनं लावावी लागतात आणि घाट पहिला चढणारा सायकलपटू ‘घाटाचा राजा’ होतो. पण तिथली लढत माणसामाणसांत. गाडी बिचारी बाजूने निघून जाते.

एड झिंकचं कर्तृत्व कल्पनेत नव्हतं, ते तिची घडी बसवण्यात होतं. त्याचं ड्युरँगोत सायकलींचं दुकान होतं, शेतीवाडी होती, आणि गावात कुणाशी कसं बोलावं याची जाण होती. ही जाण फार लागते. दोन्ही गावांना जोडणारा डांबरी रस्ता एकच, अमेरिकन महामार्ग ५५०, आणि तो बंद करायचा तोही मेमोरियल डेच्या जोडसुट्टीत, पर्यटनाचा हंगाम उघडतो तेव्हा. राज्याचं वाहतूक खातं, महामार्ग पोलीस, दोन काउंट्या, रेल्वे कंपनी, रस्त्याकाठचे हॉटेलवाले, सगळ्यांची एका सकाळपुरती संमती मिळवायची. हवेची संमती वेगळीच. मे संपत आला तरी खिंडीत बर्फ पडू शकतं, आणि मग मार्ग आखूड करायचा की शर्यतच मोडायची हा निर्णय अंगावर येतो.

वर पोहोचवणं निम्मंच काम. सिल्व्हरटनची वस्ती सहाशेच्या आसपास आणि तिथे दमलेले, घामाने भिजून गारठलेले दोन-अडीच हजार लोक येऊन थडकतात. त्यांना बसने आणि सायकलींना ट्रकने खाली आणायचं, रस्ता दिलेल्या वेळेला मोकळा करायचा. जिंकणाऱ्याचा फोटो छापून येतो. ट्रकमध्ये हजारो डॉलरच्या सायकली ओरखडा न उठवता रचणाऱ्याचा येत नाही. तरी सिल्व्हरटनला हा थवा हवा असतो. सनीसाइड खाण १९९१ साली बंद पडल्यावर गावाला खाणीचा आधार उरला नाही. हंगामाचा हा पहिला मोठा शनिवार तिथल्या खानावळींना कळतो.

या आयोजनाने ड्युरँगोला जी सवय लावली तिचं फळ माउंटन बाइकला मिळालं. जाड टायरची ही सायकल बाजारात आली तेव्हा इथले लोक रस्ता अडवणं, वेळ मोजणं, स्वयंसेवक उभे करणं यांत आधीच तयार होते. त्यामुळे १९९० मध्ये माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच गावाजवळ, पर्गेटरीच्या स्की-डोंगरावर भरली आणि ती आणण्यातही झिंकचा हात होता. पुरुषांची क्रॉस-कंट्री जिंकली ड्युरँगोच्याच नेड ओव्हरएंडने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. महिलांची ज्युली फुर्टाडोने. ओव्हरएंड त्या आधी आणि नंतरही गाडीच्या शर्यतीत अनेकदा पहिला आला आहे. पुढे याच गावात जन्मलेला, माउंटन बाइकवर वाढलेला सेप कुस २०२३ ची स्पेनची व्हुएल्टा जिंकून गेला.

आता शर्यतीच्या त्याच सुट्टीत माउंटन बाइकचीही फेरी होते. तिच्यात गाडी नाही, नुसतं गाडीचं नाव. गावाला चिकटून असलेल्या टेकड्यांतल्या पायवाटा, दगड, धूळ आणि शहरातली वळणं. गाडीसारखं सोपं मोजमाप नाही, म्हणूनच की काय, काही वर्षी आयोजकांनी मार्ग चक्क एका बियरच्या खानावळीच्या आतून नेला. टेबलांवर माणसं बसलेली आणि मधून चिखलाने माखलेले स्वार. या शर्यतीचं मूळ भावाभावांच्या थट्टेत आहे, हे त्या खानावळीतल्या गोंगाटात अधिक पटतं.

२०१८ ची शर्यत होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच १ जूनला रुळांच्या आसपास वणवा पेटला आणि पुढच्या काही आठवड्यांत पन्नास हजारांहून अधिक एकर जंगल त्यात सापडलं. गाडी बंद ठेवावी लागली. इंजिनातून उडालेल्या ठिणगीने आग लागली असा केंद्र सरकारचा दावा होता. २०२२ मध्ये रेल्वे कंपनीने दोन कोटी डॉलर देऊन तो मिटवला. मधल्या काळात, २०१९ च्या शरद ऋतूत, झिंक गेला, आणि २०२० ची शर्यत कोरोनाने खाल्ली. दरम्यान कंपनीने वाफेची इंजिनं कोळशावरून तेलावर आणायला घेतली, जोडीला डिझेलची इंजिनंही घेतली. पूर्वी फायरमन एका फेरीला सहा टनांच्या आसपास कोळसा फावड्याने भट्टीत टाकत असे. आता त्याची कंबर तेवढी सुटली. सायकलवाल्यांचं गणित मात्र बदललं नाही. गाडीचा वेग भट्टीत काय जळतं यापेक्षा घळईतल्या वळणांवर ठरतो, आणि वळणं १८८२ चीच आहेत. साडेतीन तास तसेच लागतात.