फुकट की मुक्त?



आमच्या मालेगावच्या शाळेत संगणकाची एक खोली आहे. तिच्यात नऊ संगणक आहेत. 2025 सालच्या एप्रिल महिन्यात ते भंगारात द्यावेत, असे जवळजवळ ठरले होते. ते बंद पडले होते असे नाही. कळ दाबली की सुरू होत. पण त्यांच्यावरील विंडोज 10 या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबणार होती आणि तिच्या पुढची विंडोज 11 ही प्रणाली इतक्या जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. नवे नऊ संगणक घेण्याइतके पैसे शाळेजवळ नव्हते. म्हणजे नववी-दहावीच्या मुलामुलींनी संगणकाचा धडा फळ्यावर शिकायचा! पाण्यात न उतरता पोहणे शिकण्यासारखाच तो प्रकार झाला असता.

मी मुख्याध्यापकांना म्हटले, "सर, उन्हाळ्याच्या सुटीत मला खोलीची किल्ली द्या. या संगणकांवर लिनक्स घालून पाहतो."

त्यांनी विचारले, "तुम्हाला येते का?"

मी खरे ते सांगितले. येत नव्हते. तरी त्यांनी किल्ली दिली.

त्या सुटीत मी काय शिकलो, कोठे अडलो, ते तुम्हाला सांगणार आहे. पण आधी कार्यप्रणाली म्हणजे काय, ते पाहू. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये एक मोठी आज्ञावली सतत काम करीत असते. तुम्ही कोणती कळ दाबली हे ती ओळखते, पडद्यावर अक्षर उमटवते, फाइल कोठे ठेवली ते ध्यानात ठेवते, छपाईयंत्राला कागद ओढायला सांगते. हीच कार्यप्रणाली. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील मुलांना यंत्रमाग चांगला माहीत असतो. माग अडला की मिस्त्री येतो, तो उघडतो, भाग बदलतो, कधी आपल्या अकलेने एखादा नवा भाग बसवतो. समजा, एखाद्याने तुम्हाला असा माग विकला, की जो उघडून पाहायला मनाई आहे. बिघडला तर विकणाऱ्यानेच दुरुस्त करावा. त्याने दुरुस्ती थांबवली, तर माग चालत असूनही तुम्ही अडचणीत. बाजारात विकत मिळणाऱ्या पुष्कळशा प्रणाली अशा बंद मागासारख्या असतात. त्यांची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेला मजकूर, कंपनी आपल्याजवळच ठेवते. लिनक्सची मूळ संहिता मात्र कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते.

येथे इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द मोठा घोटाळा करतो. त्याचा एक अर्थ पैसे न देता मिळणारे आणि दुसरा अर्थ बंधन नसलेले. आपण उर्दू बोलणारे या बाबतीत नशीबवान आहोत. आपल्याजवळ मुफ्त आणि आझाद असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीतही फुकट आणि मुक्त हे शब्द वेगळे आहेत. लिनक्स बहुतेक वेळा फुकट मिळते हे खरे, पण ज्यांनी ही चळवळ उभारली त्यांना 'आझाद' हा अर्थ हवा होता.

रिचर्ड स्टॉलमन हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत. तेथे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडकत असे. जुन्या यंत्राची संहिता हाताशी होती, म्हणून स्टॉलमन यांनी तिच्यात सुधारणा करून कागद अडकल्याची सूचना सर्वांना मिळेल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची संहिता मागितली तर ती मिळेना. अशा अनुभवांतून त्यांनी 27 सप्टेंबर 1983 रोजी 'ग्नू' नावाची मुक्त प्रणाली बनवण्याचा संकल्प जाहीर केला. 1989 साली त्यांनी एक परवानाही तयार केला. त्याची अट फार विचारपूर्वक घातलेली आहे. हा प्रोग्राम वापरा, उघडा, बदला, वाटा. पण तुम्ही तो दुसऱ्याला द्याल तेव्हा त्यालाही हेच सगळे हक्क द्यावे लागतील. स्वतः आझाद होऊन दुसऱ्याला कुलूप लावता येणार नाही.

ग्नूची अनेक अवजारे तयार झाली, पण प्रणालीचा गाभा अपुरा होता. तो दुसऱ्याच देशातून आला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. 25 ऑगस्ट 1991 रोजी त्याने जाहीर केले, की आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत, ती काही फार मोठी होणार नाही. त्याचा अंदाज साफ चुकला! 1992 साली त्याने आपला गाभा स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणला आणि जगभरचे लोक त्यात भर घालू लागले. आज त्यावर काम करणाऱ्यांत हौशी माणसे आहेत, तसे मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंतेही पुष्कळ आहेत. नोव्हेंबर 2017 पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. इतके लांब कशाला? तुमच्या अब्बांच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याचा गाभाही लिनक्सच आहे.

गाभ्याभोवती हजारो प्रोग्राम जमवून तयार केलेले निरनिराळे संच मिळतात. मी डेबियन हा 1993 साली सुरू झालेला संच निवडला. त्यातील हलक्या पडद्याचा प्रकार घेतला, कारण आमच्या संगणकांची स्मृती चार जीबीच होती. तीन जीबीच्या आसपासची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर चढवली आणि त्या पेन ड्राइव्हवरूनच पहिला संगणक सुरू केला. आत काहीही न बसवता प्रणाली वापरून पाहता येते, ही सोय मला फार आवडली. त्याच दिवशी कळले, की नऊपैकी एका संगणकाची हार्ड डिस्क खराब आहे. राहिले आठ.

पहिले दोन दिवस मी 'सी ड्राइव्ह' शोधत होतो. येथे सी, डी अशी अक्षरे नसतात. सगळ्या फाइली एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांप्रमाणे असतात. नंतर एक आज्ञा देताना प्रणालीने पासवर्ड मागितला. मी लिहू लागलो, तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही, चांदणी नाही. कळफलक बिघडला असे समजून मी दुसरा आणला. तोही तसाच! शेवटी कळले, की पासवर्ड किती अक्षरी आहे हेसुद्धा शेजाऱ्याला दिसू नये, म्हणून ते मुद्दामच तसे केलेले आहे. प्रोग्राम आणण्याची रीतही वेगळी. इकडूनतिकडून फाइली उतरवायच्या नसतात. डेबियनचे स्वतःचे भांडार असते, तेथून एका ओळीची आज्ञा देऊन हवा तो प्रोग्राम आणायचा.

हे सगळे सवयीने जमले. खरी परीक्षा उर्दूची होती. आमच्या शाळेच्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका विंडोजवर चालणाऱ्या एका उर्दू प्रोग्राममध्ये लिहिलेल्या होत्या. त्या फाइली लिनक्सवर उघडल्या, तर नुसती विचित्र चिन्हे दिसली. कारण असे, की त्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक होता. आज जगभर युनिकोड या एकाच पद्धतीचे क्रमांक वापरतात. दोन्हींचा मेळ बसेना. आमच्या उर्दूच्या आपा म्हणाल्या, "तुमच्या आझादीपायी माझी बारा वर्षांची मेहनत गेली ना?" मला उत्तर सुचले नाही. शेवटी एका संगणकावर जुनी प्रणाली तशीच ठेवली, तो इंटरनेटपासून तोडला आणि त्याच प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीतून एकेक प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये बाहेर काढली. तीन आठवडे गेले. तेव्हापासून कोणी लिनक्सला फुकट म्हटले, की मला ते तीन आठवडे आठवतात.

मजकूर आला, पण तो नस्ख वळणात दिसत होता. आपल्याला तर नस्तालीकची सवय. मग नोटो नस्तालीक उर्दू हा खुला टंक घातला. नस्तालीकमध्ये शब्दाची अक्षरे उजवीकडून डावीकडे तिरकी खाली उतरतात, म्हणून प्रत्येक ओळीला जास्त उंची लागते. दोन पानांची प्रश्नपत्रिका तीन पानांची झाली. कागदाचा खर्च वाढला, पण आपा खूश झाल्या.

लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस हा मुक्त प्रोग्राम होताच. त्यात उजवीकडून लिहिण्याची बटणे आधी दिसेनात. भाषेच्या मांडणीत जाऊन 'गुंतागुंतीच्या लिप्या' या अर्थाच्या चौकोनात खूण केल्यावर ती आली. येथे एक गंमत आढळली. या प्रोग्रामने लिप्यांचे तीन गट केले आहेत. इंग्रजी एका गटात, चिनी-जपानी दुसऱ्यात, आणि उर्दू व मराठी दोन्ही तिसऱ्या गटात. आपल्या वर्गात या दोन भाषांचे तास वेगवेगळे असतात, पण लिब्रेऑफिसने त्यांना एकाच बाकावर बसवले आहे! त्यामुळे एकाच कागदावर दोन्ही लिहायच्या असतील, तर प्रत्येक मजकुराला त्याचा टंक आठवणीने द्यावा लागतो.

जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा सात संगणक लिनक्सवर चालू लागले होते. मुले माझ्यापेक्षा लवकर रुळली. नववीच्या एका मुलीला मराठी पडद्यावर काही शब्द इंग्रजीतच राहिलेले दिसले. तिने विचारले, "सर, हे राहिलेले शब्द कोण लिहिणार?" मी म्हटले, "ज्याला येतील तो." ती आता वहीत त्यांची यादी करीत आहे. छपाईयंत्रे दोन होती. एक जोडताच चालू लागले. दुसरे मात्र आजपर्यंत चाललेले नाही, कारण त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी लागणारा प्रोग्राम दिलेलाच नाही. त्याच्यावर कापड घालून ठेवले आहे.

तुम्हाला लिनक्स पाहायचे असेल, तर घरातील मोठ्यांना विचारा आणि आधी आपल्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवा. मग पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा. त्यासाठी दाबायची कळ प्रत्येक यंत्रात निराळी असते. बहुधा ती एफ 2, एफ 12 यांसारख्या वरच्या ओळीतील कळांपैकी असते. 'बसवा' या अर्थाचे बटण दिसले तरी पहिल्या दिवशी ते दाबू नका. चित्र काढा, चार ओळी उर्दूत लिहा, चार मराठीत लिहा. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केलात, की तुमची जुनी प्रणाली जशीच्या तशी समोर येईल.