निळ्या बसचा हिशेब

शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात यवतमाळही होता. बराचसा पैसा सिंचन प्रकल्प आणि व्याजमाफीसाठी होता. त्याच वर्षी राज्य सरकारनं मानव विकास मिशन स्थापन केलं. पॅकेजवर देशभर चर्चा झाली, मिशनची दखल फारशी कुणी घेतली नाही. माझ्या मते, जिल्ह्याच्या भविष्याशी अधिक जवळचं नातं या दुसऱ्या निर्णयाचं आहे.

राज्याच्या २००२ च्या मानव विकास अहवालात यवतमाळ तळाच्या जिल्ह्यांत होता. केळापूर, झरी जामणी, मारेगावकडे कोलाम आदिवासींच्या वस्त्या म्हणजे पोड, पुसद-महागावकडे बंजारा तांडे. गावात शाळा असते, पण खालच्या वर्गांपुरती. पुढची शाळा दूर पडते. मुलगा कसाही जातो. मुलगी निंदणाला, कापूस वेचायला जाऊ लागते आणि तिची शाळा तिथंच सुटते. २०११-१२ पासून मिशनचं काम १२५ तालुक्यांत पोचलं आणि एसटीच्या निळ्या बस आल्या. तालुक्याला आधी पाच, नंतर सात. आठवी ते बारावीच्या मुलींना प्रवास मोफत, वेळापत्रक शाळेच्या घंटेप्रमाणे.

शेतीचं अर्थशास्त्र अभ्यासणारे थिओडोर शुल्ट्झ यांना १९७९ साली नोबेल मिळालं. गरीब देशांचं भवितव्य जमिनीच्या पोतापेक्षा माणसांच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर ठरतं, असं ते सांगत. कोरडवाहू कापसाच्या या जिल्ह्याला हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

पण माणसांवरचा खर्च इमारतीसारखा एकदाच करून संपत नाही. डिझेल, चालकाचा पगार, शिक्षक, नर्सबाई हे सगळं रोज लागतं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडत होत्या आणि बस आगारात उभ्या होत्या. पक्का रस्ता होता, शाळेची इमारतही होती. मुलीला तिथवर नेणारं काही नव्हतं.

आरोग्याचंही असंच. आदिवासी भागातल्या गरोदर बाईला अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण मिळतं, ते २०१५ पासून. मिशन तिला बुडीत मजुरीही देतं. मजुरीचा विचार करणारी योजना मला फार शहाणी वाटते. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला विश्रांती कशी परवडणार? दुसरीकडे घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा बालकांना पोलिओ लसीऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवानं मुलं बचावली. लस, बूथ, कर्मचारी सगळं जागेवर होतं. उणीव होती ती प्रशिक्षणाची आणि देखरेखीची, आणि खर्चाला कात्री लागते तेव्हा आधी याच गोष्टी गळतात.

यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी पोडावर कोलामी बोलणारी परिचारिका हवी असेल, तर पोडावरच्याच मुलीला शिकवायला हवं. निळी बस तिला बारावीपर्यंत नेते. पुढे तिला वसतिगृहात जागा, शिष्यवृत्ती आणि दोन वेळचं जेवण लागेल. हे पैसे मार्चअखेरीस घाईनं खर्ची पडून उपयोग नाही. प्रवेशाच्या दिवशी ते तिच्या हाती हवेत.