राणीछाप रुपया मोडण्याआधी एवढं बघा

परवा मुरगूडमध्ये एका आजींनी लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये मोडायला काढले होते. म्हटलं, आजी, आधी नीट बघूया!

🔸 वजन ११.६६ ग्रॅम हवं. झिजलेलं थोडं कमी भरतं.

🔸 १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. १९४० ते ४५ च्या रुपयात निम्मीच. १९४७ चा निकेलचा.

🔸 व्हिक्टोरियाच्या नाण्यावर १८७६ पर्यंत ‘क्वीन’, १८७७ पासून ‘एम्प्रेस’.

🔸 १९११ चा जॉर्ज रुपया जपा. नाण्यावरच्या राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, १९१२ ला नक्षी बदलली. १९३९ चा तर फारच दुर्मिळ.

चिंच-राखेनं घासू नका, संग्राहक भाव पाडतात.

तुमच्याकडं कोणतं साल आहे? दोन्ही बाजूंचे फोटो टाका, सांगतो.